आरशाचा बिल्ला

घाटंजी,
२१ सप्टेंबर २००४

नाजिया,

जुन्या बिल्ल्याईचं पुस्तक पोचलं. पार्सल तू तुह्या अम्मीच्या नावानं पाठवलं, पण आतल्या चिठ्ठीतला सवाल माह्यासाठी होता, म्हणून मी जवाब लिहून राह्यलो. याच्यातून दुसरा काही अर्थ काढू नको. उर्दू मले वाचता येते, लिहाले हात चालत नाही. तू बी मराठी शाळेतली, म्हणून मराठीत.

त्या दिवशी मी कथील आणाले यवतमाळले गेलतो. दुकान बंद पाहून पोस्टमननं पार्सल घरी देलं. शेजारी मंजुषाबाई म्हणून शाळेच्या मास्तरीण राहाले आल्या आहेत, त्याईनं तुही चिठ्ठी अम्मीले वाचून दाखवली. 'अब्बांना विचार, या बिल्ल्यांतली इतकी बारीक जाळी एका ओतात कशी येते?' एवढंच. अम्मीनं त्याईले पुन्हा वाचाले लावलं. मी संध्याकाळी घरी आलो तवा ती पुस्तक उलटं धरून झटकून राह्यली होती. आणखी एखादा कागद आत अडकला असन, असं तिले वाटलं.

तर जाळीचं. साचा मातीचा नसन, दगडाचा असन. आपला संगजिऱ्याचा आहे तसा, मऊ अन् बारीक दाण्याचा. तो अगोदर तापवा लागते, नाहीतर धातू अर्ध्या वाटेतच थिजते. ओताच्या आधी साच्याले दिव्याची काजळी धरा लागते, मंग धातू घसरत जाते अन् केसाएवढ्या रेघेत शिरते. कथील जास्त पायजे, शिसं कमी. शिसं वाढलं की जाळी मऊ पडते. हे तुले माहीत आहे. काजळी धराचं काम तुहंच होतं. मंग विचारलं काहून, ते तुलेच ठाऊक.

एकतिसाव्या पानावरच्या बिल्ल्याले वरच्या कोपऱ्यात एक बारीक गाठ आहे. पुस्तक लिहणाऱ्या तुह्या साहेबाईनं तिले नक्षी म्हणलं, असं मंजुषाबाईनं वाचलं. ते नक्षी नोहे. हवा जायाची वाट कापाची राहून गेली. कारागीर घाईत असन, जत्रा तोंडावर आली असन.

मंजुषाबाईनं बाकीचं पुस्तक बी थोडं थोडं सांगतलं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी तिकडचे लोक कँटरबरीले, आखेनले, कुठी कुठी तीर्थाले पायी जात. जिथं जात तिथला कथील-शिशाचा बिल्ला घेत अन् टोपीले टाचून घरी येत. मी त्याईले आपला बिल्ला हातात देला. कमानीत दोन खडावा. म्हणलं, बाई, टेकडीवरच्या खडाववाल्या बाबाच्या उरुसात हा माह्या आज्यापासून विकून राह्यलो. मुसलमान टोपीले लावते, कुणबी फेट्याले, बंजाऱ्याच्या बाया ओढणीले शिवतात. त्याईनं एकदा बिल्ल्याकडे पाह्यलं, एकदा पुस्तकाकडे. मले बरं वाटलं, हे कबूल करतो.

अम्मी म्हणली, जवाब द्या, म्हणून देला. निकाहाच्या आठ दिवस आधी तू घर सोडून परदेशी शिकाले गेली तवा मी जे बोललो ते मागं घेतलं, असं समजू नको.

अम्मी बरी आहे.

मोहिउद्दीन ढलाईवाले


घाटंजी,
१२ डिसेंबर २००४

नाजिया,

तुहं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. गाठीचं तू तुह्या साहेबाईले सांगतलं अन् त्याईनं ते पुस्तकाच्या पुढच्या छपाईत दुरुस्त करतो म्हणलं, हे वाचलं. माहं नाव छापाची गरज नाही. छापलंच तर गाव घाटंजी लिहजो, नुसतं यवतमाळ नको.

तू विचारलं, आधीची पत्रं पोचली का, अन् पोचली तर कोणी जवाब काहून देला नाही. डाकेचं काही सांगता येत नाही. परदेशातून येणारी डाक कुठी कुठी पडून राह्यते.

आता नदीचं. एवढे बिल्ले तिकडच्या नदीच्या चिखलात काहून सापडतात, लोकाईच्या हातून पडले की त्याईनं मुद्दाम टाकले, याच्यावर तुमच्याकडे भांडण चालू आहे म्हणते. मले विचारशील तर टाकले. आपल्या पुलाजवळ मी गुलाबसिंगले पाह्यलं आहे. तांड्यावरचा गुलाबसिंग, आपल्याकडून बैलाच्या कपाळाले बांधाचे बिल्ले नेते तो. उरुसातून परत येताना तो वाघाडी नदीच्या पाण्यात उतरला, टोपीवरचा जुना बिल्ला काढला, डोळ्याले लावला अन् सोडून देला. मी वरतून विचारलं, "काहून रे, मोडला का?"

"मोडला कायले," तो म्हणला. "वाटेची राखण केली त्यानं. घर आलं. आता त्याले बी मोकळं कराव ना."

तुह्या नदीकाठी बी असाच कोणी उतरला असन. घर जवळ आलं असन त्याचं.

यंदा मात्र लोक बिल्ले वेगळ्याच वेळी घेऊन राह्यले. पऱ्हाटीची बोंडं किडीनं खाल्ली, वेचाले कापूस नाही, गावातली कापसाची जिनिंग बंद पडली. जवान पोट्टे हैदराबादले बांधकामावर चालले. पांढरकवड्याची गाडी सकाळी भरून जाते अन् संध्याकाळी रिकामी येते. जाच्या आदल्या दिवशी एकेकाची माय दुकानात येते. पहिले लोक बाबाच्या ठिकाणाहून बिल्ला घेऊन घरी येत, आता घरून निघताना घेऊन जातात. गुलाबसिंगचे दोन्ही पोरं गेले. त्यानं दोन बिल्ले घेतले अन् बराच वेळ दुकानात बसून राह्यला. मी चहा मागवला.

अम्मीनं तुह्या पत्राचं विचारलं. कामाचं आहे, म्हणलं. तिले थोडा खोकला आहे. थंडी आहे म्हणून.

मोहिउद्दीन


घाटंजी,
२० फेब्रुवारी २००५

नाजिया बेटी,

आरशाच्या बिल्ल्याचं चित्र कागदावर काढून पाठवलं ते समजलं. आखेनले सात वर्षांतून एकदा चर्चच्या उंचावरून पवित्र कपडे दाखवत, गर्दी एवढी की मागच्याले काही दिसत नसे, मंग लोक बिल्ल्यात बसवलेला आरसा डोक्यावर धरत. त्यात जे दिसलं त्याची बरकत आरशात राह्यते अन् घरी नेता येते, असं ते मानत. बिल्ले सापडले, पण आरसा शाबूत असलेला सापडत नाही. म्हणून तुले पाह्याचं आहे की कडेच्या त्या चार जिभा काच धरून ठेवतात का, अन् एवढ्याशा आरशात दुरून काही दिसते का.

जिभा धरतात. मी साचा कोरला. धातू कोमट असतानाच जिभा आत वळवा लागतात, थंड झाल्यावर वळवल्या की तडकतात. पहिले तीन तडकले, चौथा जमला. पण आरसा जमला नाही. गुलाबसिंगच्या बायकोनं ओढणीचे आरसे देले. त्यात एका वेळी एक खिडकी दिसते, लय तर एक माणूस. टेकडीवरची दर्ग्याची गच्ची त्यात मावत नाही.

तवा ध्यानात आलं, मोटरसायकलचा आरसा. तो फुगीर असते, मागचा सगळा रस्ता त्यात मावते. तुह्या लोकाईचा आरसा बी फुगीरच असन, काच फुगवूनच करत असतीन. हे लिहून ठेव.

आता मोटरसायकलचा फुटका आरसा घाटंजीत बी भेटला असता. पण मी पांढरकवड्याले गेलो. तुह्या मोठ्या अब्बाच्या गॅरेजवर. तू गेल्यापासून मी त्या दारात पाय ठेवला नव्हता. भाऊ नव्हते, त्याईचा अफरोज होता. ज्याच्याशी तुहा निकाह मोडला त्याच्यासमोर उभं राहाची वेळ आली तर काय बोलाचं, हे मी साडेतीन वर्ष मनात घोकत होतो.

त्यानं हात पुसले अन् खुर्ची पुढं केली. "चाचा, बसा. किती दिवसांनी."

मी म्हणलं, "आरसा पायजे. फुटका चालन."

त्यानं डब्यातून चारपाच काढून देले. एक लहान पोरगी त्याच्या पायाले बिलगून उभी होती, दुसरी पाळण्यात. मी निंघालो तवा विचारते, "नाजिया कशी आहे?"

मी म्हणलं, "कामात आहे."

"तिले माहा सलाम सांगजा. तिचं शिक्षण मोडून चुलीपुढं बसवली असती तर मलेच वाईट वाटलं असतं. मी तवा बी अब्बाले म्हणलं होतं, जाऊ द्या तिले."

हे मले कोणी सांगतलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी आरसे मांडीवर घेऊन बसलो होतो. ज्याचा अपमान झाला म्हणून मी तुह्याशी बोलणं टाकलं, तो माणूस तवाच विसरून मोकळा झाला होता. मी एकटाच ते धरून बसलो होतो.

अफरोजचा सलाम कळवला.

एक गोष्ट आधी लिहली नाही. अम्मीले नुसता खोकला नाही. चार पावलं चालली की दम लागते. यवतमाळच्या डॉक्टरनं दिलाची एक झडप नीट बसत नाही म्हणून सांगतलं. गोळ्या चालू आहेत. यंदा तिले टेकडी चढता येणार नाही. लग्नापासून एक उरूस तिनं चुकवला नव्हता, तुह्या वेळेले नववा महिना होता तरी चढली होती.

मोहिउद्दीन


घाटंजी,
१८ एप्रिल २००५

नाजिया बेटी,

हे पत्र सावकाश वाच. कामाच्या जागेवर वाचू नको, घरी जाऊन वाच.

परवा उरूस झाला. लोक कमी होते. दरवर्षी पायथ्यापर्यंत बैलबंड्या लागत, यंदा चिंचेखालीच संपल्या. तरी दिवस कलल्यावर, असरच्या नमाजनंतर, दर्ग्याच्या मुजावरनं गच्चीवर येऊन बाबाच्या खडावा दोन्ही हातांवर धरल्या, तवा पुढं रेटारेटी झालीच. मी मागं जांभळाच्या झाडापाशी उभा राह्यलो अन् फुगीर आरसा बसवलेला बिल्ला डोक्यावर धरला. दिसलं, नाजिया. सगळी गच्ची दिसली, मुजावरचा हिरवा साफा दिसला, खडावा तांदळाएवढ्या दिसल्या, पण दिसल्या. लोकाईची डोकी बी दिसली, त्यात माहं एक. बाजूच्या म्हातारीनं विचारलं, हे काय होय. मी तिले धरून दाखवलं. मंग तिच्या मागच्या बाईले पायजे होतं, मंग आणखी कोणाले. बिल्ला माह्या हातात परत यायले बराच वेळ लागला. तुह्या साहेबाईले सांग, बिल्ला काम करते.

मी असल्या गोष्टी मानत नाही, तुले माहीत आहे. बिल्ला विकणाऱ्यानं बरकतीवर बोलू नये, असं माहे वडील म्हणत. पण मी तो आरसा फडक्यात गुंडाळला, वाटेत कुठी उघडला नाही, कोणाशी बोललो नाही. घरी आलो. अम्मी खाटेवर टेकून बसली होती. मी फडकं सोडून बिल्ला तिच्या हातात देला. म्हणलं, "बाबाच्या खडावा याच्यात धरून आणल्या. तुह्यासाठी."

तिनं आरशात पाह्यलं. त्यात तिचंच तोंड दिसत असन. मंग बिल्ला मांडीवर ठेवला अन् म्हणली, "टेकडीवरून बाबाचा उजेड आणता आला तुमाले. माह्या पोरीचा एक शब्द नाही आणता आला. तिनं पुस्तक पाठवलं, तुमाले जाळीचं विचारलं. मले काही विचाराचं नव्हतं तिले. तीन वर्षांत मी तिच्या आठवणीतूनच गेली."

नाजिया, ती रडली नाही. एखाद्यानं सांगावं की घरात मीठ संपलं, तशी बोलली.

मी उठून दुकानात गेलो.

दुकानात जुन्या साच्यांची पेटी आहे. तिच्या तळाशी तुही पत्रं आहेत. चौदा. पहिलं ऑगस्ट २००१ चं, शेवटचं जून २००३ चं. सगळी अम्मीच्या नावाची, सगळी दुकानाच्या पत्त्यावर, कारण घराले नंबर नाही अन् दुकान पोस्टमनले ठाऊक. तू विचारलं तवा मी डाकेवर ढकललं. डाकेनं काही केलं नाही. मी केलं.

पहिलं पत्र आलं तवा रागात ठेवून देलं. म्हणलं, आठ दिवसांनी देऊ. आठ दिवसांनी दुसरं आलं. आता दोन्ही देले तर पहिलं कुठी होतं हे सांगा लागते. अशी ती चौदा झाली. फेकता आली नाही, उघडता आली नाही. तुही अम्मी दर महिन्याले विचारे, "काही आलं का?" मी म्हणे, "नाही." मंग तिनं विचारणं सोडलं. तुहं पुस्तक घरी पोचलं त्या दिवशी मी यवतमाळले नसतो, तर ते पंधरावं झालं असतं का, हे मी मलेच विचारलं. जवाब चांगला नाही.

आज सकाळी पेटी घरी नेली अन् चौदाही पत्रं तिच्यापुढं ठेवली. काय होय, ते सांगतलं. तिनं पाकिटं हातानं चाचपली, तिकिटं पाह्यली. मी म्हणलं, मंजुषाबाईले बोलावतो वाचाले.

ती म्हणली, "नाही. तुम्ही वाचा."

तुहा गुन्हेगार,
मोहिउद्दीन


घाटंजी,
३० जून २००५

नाजिया बेटी,

तुहा जवाब नाही. मी वाट पाह्यली. वाट पाह्याचा हक्क मले नाही हे समजते, तरी पोस्टमन दुकानावरून गेला की मान वर होते.

इकडचं सांगतो. तुले कळाले पायजे.

रोज एक पत्र, असं तिनं ठरवलं. दुपारची जोहरची नमाज झाली की ती भिंतीले टेकून बसे, मी समोर. ती पाकीट फोडून कागद माह्या हातात दे. दुसऱ्या कोणाले खोलीत येऊ देत नसे. वाचून झालं की कागद परत घे, घडी करे, उशीखाली ठेवे. माह्याशी बाकी काही बोलत नव्हती. जेवण वाढे अन् तोंड फिरवून बसे.

पहिल्या पत्रात तू लिहलं की खोलीत चूल नाही, भिंतीले लावलेली शेगडी आहे, अन् पहिल्या दिवशी तू पावाले लिंबाचं लोणचं लावून खाल्लं, अम्मीनं बांधून देलेलं. म्हणजे तिनं तुले लोणचं देलं होतं. माह्या पाठीमागं. हे बी मले त्याच दिवशी कळलं. मी वाचता वाचता थांबलो, तिनं पाह्यलं अन् म्हणली, "पुढं."

चौथ्या पत्रात तू पहिला बिल्ला हातात घेतला ते आहे. चिखलातून काढलेला, काळा, सातशे वर्ष जुना. 'हातमोजे न घालता धरायची परवानगी नव्हती, पण मी एक क्षण नाकाजवळ नेला. वास आला नाही. मला मात्र आपलं दुकान आठवलं, अब्बा पळी तिरपी करतात ते. शिकवणाऱ्या बाईंना कळू नये म्हणून मी तोंड फिरवलं.' हे मी वाचलं. मोठ्यानं वाचलं. कोळशाच्या धुरापुढं जन्म काढलेला माणूस मी, मले वाटलं धूर डोळ्यात गेला म्हणून सांगता येईन. घरात चूल पेटलेली नव्हती.

नववं पत्र मले वाचता आलं नाही. 'अब्बा रागावले ते मला समजतं. त्यांच्या भावासमोर त्यांची मान खाली गेली. पण अम्मी, तू का गप्प आहेस? तूच मला दारापर्यंत सोडायला आली होतीस. तूच म्हणालीस, जा. मग आता माझ्याशी एक शब्द का नाही?' मी 'जा' पर्यंत आलो अन् आवाज बंद झाला. बाहेर कोणी सोयाबीनच्या बियाचं विचारत चाललं होतं, ते लांब जाईपर्यंत ती थांबली. मंग म्हणली, "चष्मा पुसा अन् वाचा."

मी वाचलं. ऐकून झाल्यावर तिनं तो कागद उशीखाली ठेवला नाही. हातातच धरला. म्हणली, "दोन वर्ष तिनं समजून घेतलं की मी तिले टाकली. अन् मी समजत होती तिनं मले टाकली. अन् तुम्ही दोघीच्या मधात बसून जेवत होते."

मी उठून तिच्या गोळ्या अन् पाणी आणून ठेवलं.

चौदावं लहान होतं. 'अम्मी, आजपासून मी लिहिणार नाही. तू सुखी राहा.' ते तिनं तीनदा वाचाले लावलं.

आता पत्रं संपली. पण ती रोज जोहरनंतर बसते. उशीखालून एखादं काढते अन् देते. लोणच्याचं, बर्फ पडल्याचं, दुकान आठवल्याचं. नववं बी देते. मी वाचतो. माह्या सगळ्या आयुष्यात मी एवढं तुह्याशी बोललो नाही, जेवढं आता तुहं वाचून राह्यलो.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं तिले ऑपरेशन सांगतलं. ती म्हणते, पोरीले पाह्यल्याशिवाय टेबलवर झोपत नाही. मी हे तुले बोलावासाठी लिहून राह्यलो नाही, असं लिहणार होतो. पण तेच खोटं बोलून बोलून इथवर आलो. तर खरं सांगतो, बोलावासाठीच लिहून राह्यलो. ये. तिच्यासाठी ये. मी दुकानात राहीन पायजे तर.

तुहा अब्बा


घाटंजी,
२५ सप्टेंबर २००५

माही बेटी नाजिया,

हे पत्र मी बोलून राह्यली, तुही अम्मी हलीमा. लिहणारे तुहे अब्बा. मी बोलते आपल्या बोलीत, ते लिहतात मराठीत, म्हणून एखादा शब्द इकडंतिकडं होईन. पण त्याईनं शब्द खाल्ला तर मले समजते, कारण माहं तोंड चालू राह्यते अन् त्याईची पेन थांबते. आता बी थांबली होती.

काल मंजुषाबाईच्या फोनवर तू बोलली. चार वर्षांनी तुहा आवाज ऐकला. पहिले तू बी नुसती रडली अन् मी बी नुसती. मंजुषाबाई बाहेर जाऊन उभ्या राह्यल्या बिचाऱ्या. मंग तू विचारलं, अम्मी, काय खाल्लं? मी म्हणलं, खिचडी. मंग दोघी हसलो. त्याच्यानंतर मले काही आठवत नाही, एवढंच की तू ईदच्या आठ दिवस आधी येऊन राह्यली. म्हणून आता ध्यानानं ऐक.

मले पाहून घाबरू नको. मी वाळली आहे. पायावर सूज येते, संध्याकाळी जास्त. केस पांढरे झाले, मेंदी लावून ठेवीन. डॉक्टरले सांगतलं, ईद झाली की ऑपरेशन करा. तो म्हणला, उशीर करू नका. मी म्हणलं, साहेब, उशीर तर झालाच, आता महिनाभर थांबा.

नागपूरवरून रात्रीची गाडी करू नको. सकाळी निघ. पांढरकवड्यावरून ये किंवा यवतमाळवरून, पण दिवसा ये. रस्ता तुले ओळखू येणार नाही. जिनिंगच्या जागी गवत आहे. तुह्या वर्गातल्या किती पोरी आता इथं नाहीत, नवरे घेऊन हैदराबादले गेल्या. तरी घर तेच आहे, दार तेच आहे.

तुह्या अब्बाचं. तू फोनवर त्याईचं काही विचारलं नाही. मी बी काही सांगतलं नाही. लोक म्हणतात, हलीमा, माफ करून टाक, म्हातारपण आलं. मी माफ केलं का, मले अजून माहीत नाही. एखाद्या दिवशी सकाळी उठते तर वाटते केलं. दुपारी तुहं पत्र ऐकते, तर पुन्हा राग येते. पण एक सांगते. ते वाचताना कुठी अडखळतात ते मले पाठ झालं आहे. नवव्या पत्रात अडखळतात, रोज, त्याच जागी. खोटा माणूस एकदा रडते, दोनदा रडते. पाच महिने त्याच जागी कोणी रडत नाही. हे लिहा म्हणलं तर लिहून नाही राह्यले. लिहा. आता लिहलं.

तू त्याईले माफ कर, असं मी म्हणणार नाही. ते तुहं तू पाहून घे. माह्यासाठी करू नको, ईदसाठी बी करू नको. मले तू फक्त समोर पायजे. मी तुह्या डोक्याले तेल लावीन, तू मले तिकडच्या गोष्टी सांगजो. पत्रं मी आता कोणाकडून वाचून घेणार नाही. तू तोंडानं सांग.

सामान जास्त आणू नको. माह्यासाठी काही आणू नको. आणलंच तर एक गरम शाल, हलकी, जड मले पेलत नाही.

तुही अम्मी

अम्मी झोपली आहे. खाली जागा उरली म्हणून मी लिहतो. तिले विचारून लिहतो, लपवून नाही.

ज्या दिवशी तू येशील त्या दिवशी मी सकाळपासून बसस्टँडवर राहीन. दोन्हीकडच्या गाड्या पाहीन. तू उतरली की मले काही बोललं पायजे असं मनात धरू नको. सलाम केला नाही तरी चालन. तू पुढं चाल, मी मागून येईन. घरापर्यंत दहा मिनिटाची वाट आहे, तेवढी आपण न बोलता चालू.

ब्याग मात्र मले घेऊ दे.

अब्बा